नवा जलकुंभ बांधला, तरी गढीवरच्या नळांना पाणी का चढत नाही?

गढीकर

नमस्कार. मी मराठवाड्यातील तालुक्याच्या एका गावी राहतो. वस्ती तीस हजारांच्या आसपास असून पाणीपुरवठा नगरपरिषदेकडे आहे. धरणातून उचललेले पाणी गावाबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रात येते आणि तेथून पंपाने जलकुंभांत चढवले जाते. गावात असे दोन जलकुंभ आहेत. पहिला गढीच्या उतारावर, १९७० च्या दशकात बांधलेला, बारा मीटर उंच खांबांवरचा आणि चार लाख लिटरचा. दुसरा आठवडी बाजाराच्या मैदानालगत तीन वर्षांपूर्वी उभा राहिला. त्याचे खांब अठरा मीटर उंच आहेत आणि त्यात आठ लाख लिटर पाणी मावते.

आमची तीनशे घरांची वस्ती गढीवर, म्हणजे गावातील सर्वांत उंच भागात आहे. पूर्वी जुन्या टाकीवरून एक दिवसाआड दोन तास पाणी येत असे. ते मुबलक नव्हते, तरी अंगणातल्या नळाला हंडा भरण्याइतका जोर असे. जुन्या टाकीचे प्लास्टर निखळू लागले, काही ठिकाणी गज उघडे पडले, म्हणून ती रिकामी ठेवण्यात आली आणि आम्हाला नव्या टाकीवर जोडण्यात आले. टाकी अधिक उंच, क्षमता दुप्पट, त्यामुळे आता पाणी जोरात येईल असे आम्हा सर्वांना वाटले होते. घडले ते उलटेच. पाणी सुटल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे नळातून केवळ हवेचा फुसकारा ऐकू येतो, नंतर करंगळीएवढी धार लागते आणि तीसुद्धा अंगणात दोन-अडीच फूट खड्डा खणून त्यात बसवलेल्या तोटीलाच. त्याच वेळी बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढते. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि त्या खड्ड्यात उतरून तांब्याने कळशी भरण्याचे काम ती अजूनही दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

आता वस्तीत सह्यांची मोहीम सुरू आहे. चोवीस मीटर उंचीची तिसरी टाकी बाजाराच्याच मैदानात बांधावी, अशी मागणी आहे. सही करण्यापूर्वी मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. उंच टाकीवरून पाणी येऊनही दाब कमी का झाला? आणि तिसरी टाकी मागणे योग्य ठरेल का?


निवृत्त अभियंता

आपण सही करण्यापूर्वी विचारले, हे फार बरे केले. मी एकतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात घालवली आहेत आणि या काळात 'टाकी बांधली म्हणजे पाणी आले' या समजुतीपायी अनेक गावांचा पैसा आणि वेळ वाया गेलेला पाहिला आहे.

जलकुंभाची कामे दोनच. पंप दिवसभर सारख्या वेगाने पाणी पाठवतो, पण लोक ते सकाळ-संध्याकाळ एकदम वापरतात. हा फरक सांभाळण्यासाठी साठा लागतो. दुसरे काम दाब देण्याचे. पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी वर, तितका दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. याखेरीज जलकुंभ काहीही करत नाही. जॅकवेलवर, म्हणजे धरणातून पाणी उचलण्याच्या विहिरीवर, जेवढे पाणी उचलले गेले, त्यापेक्षा एक लिटरही अधिक तो देऊ शकत नाही. तीस हजार लोकांना दरडोई १३५ लिटर धरले, तर दिवसाची मागणी साडेचाळीस लाख लिटर होते, आणि उंच साठा दैनंदिन मागणीच्या सुमारे एक तृतीयांश असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्या दोन्ही टाक्या मिळून बारा लाख लिटर होतात, म्हणजे दोन्ही वापरात असत्या तर साठ्याची मोठी ओरड नव्हती. आज एकच टाकी चालू असल्यामुळे साठा एक पंचमांशावर आला आहे.

आता दाबाचे. आपण दोन्ही टाक्यांच्या खांबांची उंची दिली आहे, पण खांब कोणत्या जमिनीवर उभे आहेत, ते दिलेले नाही. पाण्याला खांबांची उंची कळत नाही, त्याला पातळी कळते. अठरा मीटरचे खांब खोलगट जागी उभे केले, तर टाकीचा तळ टेकडीवरच्या बारा मीटरच्या टाकीपेक्षा खाली राहू शकतो. म्हणून मला तीन आकडे हवे आहेत : बाजाराच्या मैदानाचा तलांक (समुद्रसपाटीपासूनची उंची), जुन्या टाकीजवळचा तलांक आणि आपल्या सर्वांत उंच गल्लीचा तलांक. ते नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातील वितरण व्यवस्थेच्या नकाशावर असतात. मागितल्यावर मिळाले नाहीत, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. नव्या टाकीपासून गढीपर्यंतच्या वाहिनीचा व्यास आणि लांबीही विचारा.


चावीवाला

अभियंता साहेबांनी पातळीचे सांगितले. मी रस्त्यावरचे सांगतो. आमच्या नगरपरिषदेत बावीस वर्षे व्हॉल्व उघडण्याचे काम करतो आहे.

आपण लिहिलेली पहिली वीस-पंचवीस मिनिटांची हवा, ही फार महत्त्वाची खूण आहे. पाणी बंद केल्यावर उंच भागातली वाहिनी सर्वांत आधी रिकामी होते, कारण तिच्यातले पाणी खालच्या नळांतून उतरून जाते. एक दिवसाआडच्या पुरवठ्यात ती दर वेळी पूर्ण कोरडी पडते आणि तिच्यात हवा भरते. पुन्हा पाणी सोडले की ही हवा पुढे ढकलली जाऊन सर्वांत उंच जागी अडकते, आणि तेथे एअर व्हॉल्व, म्हणजे हवा बाहेर सोडणारी झडप, नसेल किंवा तो गंजून बसला असेल, तर ती लोकांच्या नळांतूनच बाहेर पडते. ती बाहेर पडेपर्यंत पाण्याला वाट नसते. ही अडचण नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून पुण्यात जे पाणी आणले, त्या भुयारी नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा जायच्या वाटा, बांधले होते. पाण्यासोबत हवेचाही विचार करावा लागतो, हे त्या कारागिरांना माहीत होते. गढीवर एअर व्हॉल्व कुठे आहे आणि तो शेवटचा केव्हा उघडून साफ केला, एवढे आपल्या वॉलमनला विचारा. अनेक गावांत रस्ता डांबरी करताना त्याचे चेंबर बुजलेले असते.

दुसरी गोष्ट. बाजारपेठ आणि गढी एकाच वेळी, एकाच वाहिनीवर सोडतात का? तसे असेल, तर गढीला पाणी न मिळणे अटळ आहे. पाणी आधी सखल भागाकडे धावते. तेथे प्रत्येक घरात जमिनीखाली हौद असतो, त्यावर फ्लोट, म्हणजे हौद भरताच पाणी आपोआप बंद करणारा गोळा, नसतो, आणि हौद भरून वाहू लागला तरी तोटी बंद होत नाही. खालचे हौद भरेपर्यंत वरच्यांना थांबावे लागते, आणि तोवर वेळ संपते. आमच्याकडे असे झाले, तेव्हा मी खालच्या भागाच्या व्हॉल्वचे आटे, म्हणजे चावीचे फेरे, मोजून कमी केले. पूर्ण उघडा असताना जेवढे आटे होतात, त्यांतले शेवटचे चार-पाच बंद करण्यासाठी फिरवले, तरच प्रवाहात खरा फरक पडतो. आधीच्या आट्यांनी जवळजवळ काहीच बदलत नाही. हे नव्या मुलांना शिकवले जात नाही, त्यामुळे ते दोन फेरे देऊन 'कमी केले' असे समजतात.


गढीकर

दोघांचेही आभार. नकाशा पाहण्यासाठी मी पाणीपुरवठा विभागात गेलो. तेथील कनिष्ठ अभियंत्यांनी तो आडकाठी न करता उलगडून दाखवला, हे मुद्दाम नमूद करतो. आकडे असे आहेत : बाजाराचे मैदान ५१२.४० मीटर, जुन्या टाकीची जागा ५२१.६० मीटर, आणि आमची वरची गल्ली ५२२ मीटर. नव्या टाकीत पूर्ण भरल्यावर पाण्याची खोली चार मीटर असते. तेथून गढीपर्यंत ११०० मीटर लांबीची, १५० मिलिमीटर व्यासाची जुनी बिडाची वाहिनी आहे आणि ती बाजारपेठेतूनच वर येते. बाजारपेठ आणि गढी एकाच वेळी सोडतात. एअर व्हॉल्व नकाशात आहे. प्रत्यक्षात त्या जागी सिमेंटचा रस्ता आहे.

आपण सांगितल्याप्रमाणे मी बेरीज केली आणि कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलो. नव्या टाकीचा तळ जुन्या टाकीच्या तळापेक्षा तीन मीटरहून अधिक खाली आहे. माझी चूक होत नाही ना?


निवृत्त अभियंता

आपली बेरीज बरोबर आहे. जुन्या टाकीचा तळ ५३३.६० मीटरवर, नव्या टाकीचा ५३०.४० मीटरवर. म्हणजे जी टाकी डोळ्यांना सहा मीटर उंच दिसते, ती पाण्याच्या हिशोबाने ३.२० मीटर बुटकी आहे. बाजारपेठेच्या आणि आजूबाजूच्या सखल वस्तीच्या दृष्टीने तिची जागा योग्यच आहे. चूक झाली ती गढी तिच्यावर जोडताना.

पुढचा हिशोब सविस्तर मांडतो, कारण सभेत तो आपल्यालाच मांडावा लागेल. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीनुसार एकमजली वस्तीत नळापाशी किमान सात मीटर दाब शिल्लक राहावा, दुमजली वस्तीत बारा मीटर आणि तीन मजल्यांसाठी सतरा मीटर, असा निकष होता. नव्या टाकीतले पाणी तळाला गेलेले असताना आपल्या वरच्या गल्लीसाठी उपलब्ध उंची ८.४० मीटर. त्यातून सात वजा केले की घर्षणासाठी उरतात केवळ १.४० मीटर. अकराशे मीटर जुन्या बिडाच्या १५० मिलिमीटर वाहिनीतून एवढ्या तुटपुंज्या बळावर ताशी अठरा-एकोणीस हजार लिटरच पाणी जाऊ शकते, तेही वाटेत बाजारपेठेने एक थेंबही घेतला नाही असे धरून. दोन तासांत सदतीस हजार लिटर, म्हणजे घरटी सव्वाशे लिटर. पाच माणसांच्या घराची दोन दिवसांची गरज साडेतेराशे लिटर आहे. दाबाची पर्वाच सोडली आणि पाणी जमिनीच्या पातळीला कसेबसे पोहोचले तरी चालेल असे मानले, तर दोन तासांत एक लाखाच्या थोडे आत पाणी मिळेल. आपल्या घरांनी तोट्या खड्ड्यांत का नेल्या, त्याचे कारण या आकड्यांत आहे : प्रत्येकाने पाऊण मीटर दाब जमीन खणून मिळवला आहे.

याच्या जोडीला एक दोष आहे, जो आपल्या राज्यातल्या बहुतेक लहान शहरांत आढळतो आणि ज्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. पन्नास हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावाची वितरण व्यवस्था सरासरीच्या तिप्पट प्रवाहासाठी आखतात. दिवसभर पाणी असेल, तर ती पुरते. पण आपण दोन दिवसांचे पाणी दोन तासांत द्यायला निघालो की प्रवाह सरासरीच्या चोवीसपट, म्हणजे आखणीच्या आठपट व्हावा लागतो. घर्षणाने होणारा दाबाचा ऱ्हास प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आठपट प्रवाहाला तो सुमारे सत्तेचाळीसपट होईल. एवढा दाब कोणतीच टाकी देऊ शकत नाही, म्हणून प्रत्यक्षात प्रवाहच घटतो आणि जो कमी होतो तो टोकाच्या व उंचावरच्या घरांचा. तास कमी केले की पाणी वाचते, ही समजूत या कारणाने खोटी ठरते. पाणी तेवढेच जाते, फक्त ते सखल भागात जाते. जुन्या वाहिनीत आतून साका धरून व्यास १५० चा १२५ मिलिमीटर झाला असेल, तर तेवढ्याच प्रवाहाला दाबाचा ऱ्हास आणखी जवळपास अडीचपट होतो.

आता तिसऱ्या टाकीकडे येतो. बाजाराच्या मैदानात चोवीस मीटरची टाकी बांधली, तर तिचा तळ ५३६.४० मीटरवर येईल. जुन्या टाकीपेक्षा जेमतेम पावणेतीन मीटर अधिक, आणि पुढे तीच अकराशे मीटरची वाहिनी. मिळालेला दाब वाटेत खर्च होईल. शिवाय रोज वीस लाख लिटर पाणी सहा मीटर अधिक उचलायचे, तर पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरून दररोज सुमारे पंचावन्न युनिट वीज जादा लागेल, आणि त्यातले बहुतेक पाणी पुन्हा बाजारपेठेतच उतरवायचे असेल. ज्या नगरपरिषदांना पंपगृहाचे वीजबिल भरताना ओढाताण होते, त्यांनी हा भार कायमचा का उचलावा?

माझे स्पष्ट मत असे आहे : गढीचे पाणी गढीवरूनच द्यावे. जुन्या टाकीची जागा ज्यांनी निवडली, त्यांनी उत्तम काम केले होते. तिची संरचनात्मक तपासणी करून दुरुस्ती शक्य असल्यास ती करावी. शक्य नसल्यास त्याच जागी तेवढ्याच क्षमतेची नवी टाकी बांधावी. बाजारपेठेतील वाहिनीपासून गढीची वाहिनी कायमची वेगळी करावी.

जागेबद्दल एक सावधगिरी सांगतो. गढी म्हणजे पिढ्यान् पिढ्या साचलेल्या पांढऱ्या मातीचा ढिगारा. तिच्या माथ्यावर टाकी बांधा, म्हणजे आणखी उंची मिळेल, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. चार लाख लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेच चारशे टन वजन, आणि पांढरीची माती ओली झाली की खचते. जुन्या टाकीचा पाया उताराला घेतला, तो तेथे मुरूम लागला म्हणूनच असणार.


प्रयोगशाळेतून

मी जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीचे काम करते. हिशोबाच्या भागात मला भर घालायची नाही, परंतु खड्ड्यातल्या तोट्यांचा उल्लेख वाचून राहवले नाही.

दादा, वस्तीच्या वतीने अर्ज कराल तेव्हा दाबासोबत आरोग्याचा मुद्दा अवश्य लिहा, कारण तो अधिक तातडीचा आहे. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते, तोवर फटीतून पाणी बाहेर जाते. वाहिनी रिकामी होत असताना तिच्यात ओढ निर्माण होते आणि बाहेरचे पाणी त्याच फटीतून आत येते. नळजोडणीची वाहिनी गटारातून गेलेली असेल, तर आत येणारे पाणी कोणते, ते सांगायला नको. खड्ड्यात बसवलेली तोटी पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि पुरवठा बंद झाल्यावर खड्ड्यातले पाणी सरळ वाहिनीत उतरते. एका घराचा खड्डा सगळ्या गल्लीचे पाणी बिघडवू शकतो. कोणी नळाला थेट मोटार लावून पाणी ओढत असेल, तर हीच ओढ पुरवठ्याच्या वेळेतही निर्माण होते. हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास आणि उरलेल्या भागांत खंडित पुरवठा असताना दोन्हींची तुलना करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सतत पुरवठ्याच्या भागात नळाच्या पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्याची खूण असलेले जीवाणू, जवळजवळ आढळले नाहीत, तर खंडित पुरवठ्याच्या भागात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत आढळले. दोन्ही भागांना पाणी शुद्धीकरण केंद्रांतूनच येत होते. बिघाड वाहिनीत होत होता.

म्हणून पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नका; ते सांडण्या-धुण्याला वापरा. आपल्या परिस्थितीत, जिथे एकूणच घरटी सव्वाशे लिटर येते, तिथे हे सांगणे मला जड जाते, पण सांगायलाच हवे. नळाच्या टोकाला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का, हे आरोग्य कर्मचारी पाहतात. ही चाचणी गढीच्या शेवटच्या घरी, पाणी सुटल्याबरोबर आणि तासाभराने, अशी दोनदा करण्याचा आग्रह धरा. केंद्राजवळच्या नळाला क्लोरीन मिळाले, याचा गढीवरच्या माणसाला काही उपयोग नाही.

आणखी एक. जुन्या टाकीची दुरुस्ती झाली किंवा नवी बांधली, तर ती दोन कप्प्यांची करता येईल का, हे विचारा. कोलकात्याची टाला येथील पोलादी टाकी १९११ पासून नव्वद लाख गॅलन पाणी धरून उभी आहे आणि तिचे चार कप्पे केलेले असल्यामुळे पुरवठा चालू ठेवून ती साफ करता येते. लहान गावात टाकी धुणे वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते, त्याचे खरे कारण तेवढ्या दिवसाचे पाणी बंद ठेवावे लागते, हे आहे.


कोयनाकाठ

कराडलगतच्या मलकापूरचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. गाव आपल्याएवढेच, २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या घरातले. तेथे सुमारे दीड दशकापूर्वी चोवीस तास पाणी सुरू झाले, आणि ते देणाऱ्या देशातील पहिल्या मोजक्या लहान नगरांत त्याची गणना होते. प्रत्येक जोडणीला मीटर, वापर वाढेल तसा चढता दर, आणि नव्या वाहिन्या, हे तिन्ही एकत्र केले गेले. पाणी केव्हाही मिळणार याची खात्री पटल्यावर घरोघरी साठा करून दुसऱ्या दिवशी तो ओतून देण्याची सवय मोडली. माझ्या मते आपण टाकीऐवजी मीटरची मागणी करावी.


चावीवाला

मलकापूरबद्दल आदर आहेच, पण क्रम उलटा करू नये. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या, हवेने भरणाऱ्या वाहिनीवर मीटर बसवले, तर ते हवेनेही फिरतात. गढीवरच्या माणसाला वीस मिनिटांच्या फुसकाऱ्याचे बिल येईल आणि मग मीटर फोडले जातील. असे झालेले मी पाहिले आहे. आधी वाहिनी भरलेली राहिली पाहिजे, मीटर त्यानंतर.

गढीकर साहेब, टाकीचा निर्णय व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतील. तोपर्यंत खर्चाशिवाय करता येणारी एक गोष्ट आहे. नवी टाकी पूर्ण भरल्यावर सर्वप्रथम गढी सोडायला सांगा, बाजारपेठेकडचे सर्व व्हॉल्व बंद ठेवून. भरलेल्या टाकीत चार मीटर अधिक उंची असते आणि आपल्यासाठी ती फार मोलाची आहे. बाजारपेठेला नंतर सोडले, तरी तिला काही कमी पडत नाही, कारण ती खाली आहे. रस्त्याखाली गेलेला एअर व्हॉल्व उघडून घ्या. आणि साध्या दाबमापकाने नोंदी ठेवा. तो नळाला जोडता येतो आणि फार महाग नसतो. तोही मिळाला नाही, तर गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी तोटीला घट्ट बांधून वर उचला. पाणी ज्या उंचीला थांबेल, तेवढे मीटर दाब आहे.


गढीकर

सर्वांना कळवण्यासाठी लिहितो आहे. कनिष्ठ अभियंत्यांशी बोलून गेल्या आठवड्यात दोन वेळा भरलेल्या टाकीवरून आधी गढी, मग बाजारपेठ, असा क्रम ठेवून पाहिला. एअर व्हॉल्वच्या जागी सिमेंट फोडले तेव्हा चेंबर सापडले. आतला गोळा चिकटून बसला होता. तो साफ केल्यावर हवेचा वेळ वीस मिनिटांवरून सहा-सात मिनिटांवर आला. वरच्या गल्लीत पाणी चालू असताना दाबमापकावर ०.४ किलो दाब दिसला, म्हणजे चार मीटर. नियमावलीतील सात मीटरपासून आपण दूर आहोत, पण तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या नळाखाली, खड्ड्याबाहेर, जमिनीवर घागर ठेवून भरली. आईने ती स्वतः उचलून आत नेली.

सह्यांच्या अर्जातून तिसऱ्या टाकीची मागणी काढून टाकली आहे. तिच्या जागी चार मागण्या लिहिल्या आहेत : जुन्या टाकीची संरचनात्मक तपासणी आणि तिचा अहवाल वस्तीसमोर ठेवणे, गढीसाठी स्वतंत्र वाहिनी, शेवटच्या घरी क्लोरीनची नियमित तपासणी, आणि तोपर्यंत गढी आधी सोडण्याचा लेखी आदेश. तोंडी क्रम वॉलमन बदलला की बदलतो, अशी भीती वाटते. आम्ही आमच्याकडून खड्ड्यातल्या तोट्या वर घेण्याचे कबूल केले आहे. तीनशेपैकी चाळीस घरांनी त्या घेतल्याही.

एक प्रश्न उरतो. जुन्या टाकीच्या तपासणीत नेमके काय पाहावे, म्हणजे केवळ वरून प्लास्टर मारून ती पुन्हा भरली जाणार नाही?


निवृत्त अभियंता

फार समाधान वाटले. तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घेण्याचा आग्रह धरा. काँक्रीटची एकसंधता ध्वनिलहरींच्या चाचणीने, गजांचा गंज विद्युत विभवाच्या चाचणीने आणि गजांवरच्या आवरणातले कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची गज राखणारी क्षारता जाणे) किती खोल गेले आहे ते फिनॉल्फ्थॅलिनने, अशा तिन्ही गोष्टी अहवालात असाव्यात. टाकीच्या भिंतींइतकेच लक्ष खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळयांच्या सांध्यांकडे द्यायला सांगा, कारण भूकंपाचा आणि वाऱ्याचा भार तेथेच येतो. २००१ च्या भूजच्या भूकंपात अनेक जलकुंभांचे पाणी धरणारे भांडे शाबूत होते, हानी त्याखालच्या आधाराची झाली होती. पायाजवळ टाकीच्या गळतीचे पाणी मुरत होते का, हेही खणून पाहावे. तपासणी होईपर्यंत ती टाकी रिकामीच राहू द्या, कितीही मोह झाला तरी. अहवाल आला की त्यातले आकडे येथे टाका, आपण मिळून वाचू.